भरभरून दाद

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये बसून मी पथकाच्या ग्रुपवर जो मेसेज लिहिला, त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. मेसेज असा होता: 'काल सदनातल्या कार्यक्रमात आपल्याला भरभरून दाद मिळाली. पथकात दाद एकट्याला मिळत नसते. एकाला मिळाली, की सगळ्यांना मिळते. तुम्हाला कशी मिळाली ते जरूर कळवा. - प्रभाकाकू.'

आता सांगा, यात काय वावगं आहे?

पथक म्हणजे आमचं नोएडातलं ढोल-ताशा पथक. चाळीस जण. निम्मे महाराष्ट्रातून नोकरीला आलेले, निम्मे इथेच जन्मलेले. म्हणजे यांचे आजोबा कधीतरी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. शिवाय कलेक्टर व्हायला आलेली चार-पाच मुलंमुली. मी सगळ्यांत म्हातारी, चोपन्न वर्षांची. मीही ढोल वाजवते, फक्त मिरवणुकीत शेवटच्या रांगेत. एरवी मी एका वृत्तसंस्थेत हिंदी बातम्यांचं मराठी करते. बावीस वर्षं तेच करतेय, त्यामुळे भाषेच्या बाबतीत माझं डोकं लगेच तापतं. ग्रुपवर फक्त मराठीत लिहायचं, हा नियम माझाच. 'यार' लिहिलं तरी मी टोकते. मुलं माझ्या मागे मला 'शब्दकोश' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

रविवारचा कार्यक्रम कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात होता आणि खरंच सुरेख झाला होता. टाळ्या थांबत नव्हत्या. म्हणून तो मेसेज.

पहिलं उत्तर आलं अक्षयाचं, तेही ग्रुपवर नाही, मला एकटीला. अक्षया तेवीस वर्षांची, दिल्लीतच वाढलेली, गुडगावला नोकरी करते. तिने लिहिलं होतं, 'काकू, तुम्हाला कसं कळलं? मम्मीला नका सांगू प्लीज.'

मला वाटलं, कार्यक्रमाला घरी न सांगता आली असेल. मी लिहिलं, 'अगं, मम्मीला का नको? अभिमानाने सांग. अशी दाद मिळायला भाग्य लागतं.'

मग अंकुरचा मेसेज. 'काकू, मला पण मिळाली. आधी कमरेला होती, आता मांडीपर्यंत गेली आहे.'

मी तो दोनदा वाचला. या मुलांचं मराठी दिव्य असतं हे मान्य, पण मांडीपर्यंत? तेवढ्यात अंशुमन. हा आमचा पथकप्रमुख, बत्तीस वर्षांचा इंजिनियर, चांगला बाप्या माणूस. 'काकू, ग्रुपवर नको होतं लिहायला यार. पर्सनल असतं हे.' आणि त्याच्या पाठोपाठ अक्षयाने फोटो पाठवला. तिच्या कमरेवर बांगडीएवढं लाल वर्तुळ होतं, कडेला बारीक पुरळ.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दिल्लीतल्या दर दुसऱ्या भिंतीवर रंगवलेलं असतं, 'दाद, खाज, खुजली'. रोज बघते मी ते. आपण ज्याला नायटा म्हणतो, गजकर्ण म्हणतो, त्याला हिंदीत दाद म्हणतात. नायटा हा शब्द या मुलांनी जन्मात ऐकलेला नाही, आणि टाळ्यांच्या दादेशी त्यांचा फारसा संबंध नाही. त्यांनी वाचलं ते असं, की काकूंना सगळं कळलंय आणि त्या चौकशी करतायत. एकाला मिळाली, की सगळ्यांना मिळते.

ऑफिसात जाऊन मी इतकी हसले, की बाजूच्या टेबलावरच्या नीलाने पाणी आणून दिलं. दुपारपर्यंत नऊ जणांनी कबुली दिली होती. प्रत्येकाला वाटत होतं, की आपण एकटेच. प्रत्येकजण गुपचूप काहीतरी लावत होता. हसता हसता माझा हात आपोआप माझ्या कमरेकडे गेला, आणि माझं हसू थांबलं.

कारण तो मलाही होता. फेब्रुवारीपासून.

सुरुवातीला रुपयाएवढा होता. सलवारीच्या नाडीने घासलं असेल म्हणून मी सोडून दिलं. मग सेक्टरच्या मार्केटातल्या औषधवाल्याला, "थोडी खुजली है भैया," असं म्हटलं. त्याने न बघताच एक ट्यूब दिली. "आंटी, तीन दिन में साफ." आणि खरंच तीन दिवसांत साफ! आठवड्याने पुन्हा यायचा, आधीपेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब, पुन्हा साफ. असं करत करत जुलैपर्यंत तो माझ्या कमरेला वळसा घालून पाठीवर पोचला होता. मी कोणाला दाखवला नाही. श्यामला, म्हणजे नवऱ्यालाही नाही. आमच्या माहेरी नाशिकला नायटा म्हणजे आंघोळ न करणाऱ्यांचा रोग, असं ठाम मत होतं. मी दोनदा आंघोळ करते. मला कसा होईल?

आणि आणखी एक गोष्ट होती, ती मला त्या क्षणी मुळीच आठवायला नको होती. ढोल कमरेला बांधायचे सुती पट्टे मीच शिवलेले. अठरा पट्टे, चाळीस माणसं. एकाचा झाला, की दुसऱ्याच्या कमरेला, मधल्या वेळात कोणाच्याही मानेवर. उन्हाळ्यात ते घामाने नुसते भिजायचे आणि सोसायटीच्या तळघरात खिळ्यांना टांगलेले असायचे, जिथे ऊन कधी गेलेलं नाही. आणि दर रविवारी सरावाआधी प्रत्येक पट्टा मी स्वतःच्या कमरेला आवळून बघायचे. शिवण उसवली नाही ना, गाठ नीट बसते ना. मग पुढे द्यायचे. त्याचा मला अभिमान होता.

संध्याकाळी ग्रुपवर, सगळ्यांसमोर, अक्षयाने लिहिलं, 'मला वाटतं गिरिजाताईकडून आलंय. तिच्या मानेवर मी मे मध्येच बघितलं होतं. म्हणूनच ती येत नाही आता.'

खाली तीन जणांनी लिहिलं, 'अच्छा, म्हणून!' पाच मिनिटांनी ग्रुपवर ओळ उमटली: गिरिजा यांनी ग्रुप सोडला.

गिरिजा हिंगोली जिल्ह्यातली. राजेंद्रनगरला राहून परीक्षेचा अभ्यास करणारी, सव्वीस वर्षांची. एप्रिलमध्ये आमच्याकडे आली. हाडं दिसतील इतकी बारीक, पण ढोलाला टिपरू लावलं की सगळं पथक तिच्या ठेक्यावर चालायचं. पूर्वपरीक्षा तिसऱ्यांदा हुकली, त्या आठवड्यातही ती मेट्रोने दीड तास करून सरावाला आली होती. "काकू, आठवडाभर मी कुणाशी बोलत नाही बगा. इथं येऊन वाजवते, तेवढंच," असं म्हणाली होती. मग अचानक दोन रविवार आलीच नाही, कार्यक्रमालाही नाही. मला राग आला होता. 'ज्यांना वेळ नाही त्यांनी स्पष्ट सांगावं,' असं मी ग्रुपवर नाव न घेता सुनावलंही होतं.

आता ती गेलेली बघून मला काय वाटलं? खोटं बोलण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी सापडलं होतं, आणि ती मी नव्हते. मी फोन पालथा ठेवला आणि कुकर लावला. मंगळवारी गप्प. बुधवारी गप्प.

गुरुवारी मी अक्षयाला घेऊन एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले. तिथे डॉक्टर क्षिप्रा असतात. आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी, मला काकू म्हणते, पण रुग्णालयात मात्र कोणाचीच पुतणी नसते. तिने अक्षयाचं वर्तुळ पाहिलं, कड जराशी खरवडून काचेवर घेतली, तपासायला पाठवली, आणि कधीपासून म्हणून विचारलं. "जूनपासून," अक्षया म्हणाली. औषध लिहून तिला बाहेर पाठवल्यावर मी दार लोटलं आणि म्हटलं, "क्षिप्रा, जरा माझंही बघ."

तिने बघितलं.

"कुठली ट्यूब लावताय?"

मी पर्समधून काढून दिली. तिने ती माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"काकू, यात स्टिरॉइड आहे. त्याने खाज थांबते, लाली जाते, तुम्हाला वाटतं बरं झालं. आणि आत बुरशी आरामात पसरत राहते. अर्धी दिल्ली हेच लावून माझ्याकडे येते. कधीपासून आहे?"

"फेब्रुवारी."

"घरात अजून कोणाला? तुमचं कापड, टॉवेल कोणी वापरतं?"

मी पट्ट्यांचं सांगितलं. अठरा पट्टे, तळघर, आणि आवळून बघणं. क्षिप्राने पेन खाली ठेवलं.

"सगळे? दर रविवारी?"

"हो."

"पहिला कोण, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पथकात अजून कोणाला आधीपासून असेलही. पण फेब्रुवारी जूनच्या आधी येतो, एवढं मला येतं."

मेच्याही आधी येतो. एप्रिलच्याही. गिरिजा आली तेव्हा तो माझ्या कमरेवर दोन महिन्यांचा झाला होता, आणि तिला पहिला पट्टा मीच बांधून दिला होता. माझ्या स्वतःच्या कमरेचा सोडून.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि राजेंद्रनगर गाठलं. तिचा फोन बंद होता. पत्ता अंशुमनकडून घेतला. तिसऱ्या मजल्यावर, लाकडी फळ्या ठोकून एकाच्या तीन केलेल्या खोल्या. तिच्या वाट्याला खिडकी नव्हती. दारात तिची बादली वेगळी ठेवलेली, तिला लाल चिंधी बांधलेली. कपड्यांची दोरीही वेगळी. पलंगावर बॅग भरून तयार.

गिरिजाने मला बघितलं आणि ओढणी गालावर ओढली. पण मला दिसलं होतं. मानेवरून गालापर्यंत चढलेला लालभडक पट्टा, मध्ये कातडी पातळ होऊन चकाकत असलेली. तिनेही तसलीच ट्यूब लावली होती, तीही चेहऱ्याला.

"बॅग कशाला भरलीस?"

"रविवारची नांदेडची गाडी आहे. घरी जाते."

"अभ्यास?"

"झाला." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "काकू, नापास झाले तवा आई म्हणली, पुन्हा बस. मी बसणारच होते. इथल्या पोरींनी माझी बादली वेगळी केली, तेही चाललं. त्या मला वळखत नाहीत. पण पथकात मी कुणाला घाण वाटले नव्हते कधी. तिथं मी लई खुश असायचे. ते वाचल्यावर वाटलं, आता कुठंच जायला नको. घरी जावं, दार लावून बसावं."

मी उभीच होते. तिने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं. फेब्रुवारी, नाडी, ट्यूब, पट्टे, सगळं. सांगताना मी सारखी 'अगं' म्हणत होते, जशी काही मी तिची समजूत घालायला आले होते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमाला हे कधी कळलं?"

"नक्की कळलं ते काल."

"आणि शंका?"

"सोमवारी."

"मग सोमवारपासून गप कामून होतात?"

मी बावीस वर्षं शब्दांवर जगते, चार गुळमुळीत उत्तरं सुचली. शेवटी खरं होतं ते म्हणाले. "तुझ्यावर गेलं म्हणून मला बरं वाटलं, गिरिजा."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओरडली असती तर मला परवडलं असतं. ती ओरडली नाही. ओढणी गालावरून काढली, पुसली, आणि म्हणाली, "मला एकटीला कशाला सांगायलात? माझं नाव ग्रुपवर घेतलं होतं. तिथं लिहा. आत्ता. माझ्यासमोर."

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि लिहायला लागले. लिहून तिच्यासमोर धरलं. 'पथकात त्वचेचा संसर्ग पसरल्याचे निदर्शनास आले आहे. सामायिक पट्ट्यांमुळे तो झाला असण्याची शक्यता आहे. कोणा एकाला दोष दिला जाऊ नये.'

तिने वाचलं. "हे काय जिल्हा परिषदेचं निवेदन हे? दोष दिला जाऊ नये म्हणे. काकू, या वाक्यात कर्ता कुठंय?"

दुसऱ्याचं मराठी तपासत जन्म गेला माझा, आणि सव्वीस वर्षांची पोरगी मला कर्ता विचारत होती. आणि तिचं बरोबर होतं. मी मुद्दामच कर्ता गाळला होता. खोडलं. पुन्हा लिहिलं. 'माझ्याकडूनही कदाचित' असं एक वाक्य आलं, तिने 'कदाचित'वर बोट ठेवलं. तेही खोडलं. चौथ्या खेपेला झालं ते असं:

'मला फेब्रुवारीपासून नायटा आहे. हिंदीत दाद. मी तो लपवला. मी प्रत्येक पट्टा आधी माझ्या कमरेला बांधून मग तुम्हाला देत होते. तुम्हाला तो माझ्याकडून आला. गिरिजालाही माझ्याकडूनच आला. तिचं नाव घेतलं गेलं तेव्हा मला हे माहीत होतं, तरी मी चार दिवस गप्प राहिले. मी चुकले. - प्रभा.'

"आता सगळ्यांना कळंल," ती म्हणाली.

पाठवलं. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. वाचणाऱ्यांचा आकडा वाढत गेला, बारा, वीस, एकतीस, आणि कोणी काही लिहीना. मला वाटलं, संपलं. आता या मुलांना मी तोंड कसं दाखवू? मग अक्षयाचं आलं. तोडकंमोडकं, पण मराठीत. 'गिरिजाताई, सॉरी. मी न विचारता लिहिलं. तू प्लीज परत ये. काकू, तुमच्यावर पण खूप राग आला आहे, पण तुम्ही पण या.'

गिरिजाने ते दोनदा वाचलं आणि फोन मला परत दिला.

"उद्या सकाळी आठला रुग्णालयात येशील?" मी विचारलं. "क्षिप्राशी बोलले आहे."

"गाडी रविवारची हे," ती म्हणाली. "शनिवारी रिकामीच हाय मी."

एवढ्यावर मी जिना उतरले.

घरी येऊन श्यामला सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते खाली ठेवलं आणि म्हणाला, "मलाही आहे. एप्रिलपासून. मांडीला."

"आणि तू बोलला नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तुझ्या पर्समधली ट्यूब लावत होतो."

तरीच ती ट्यूब इतक्या लवकर संपायची! तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून चोरून एकच ट्यूब वापरत होतो. हसावं की रडावं कळेना. आम्ही हसलो.

शनिवारी गिरिजा आली. क्षिप्राने तिच्यासाठी तब्बल वीस मिनिटं काढली, जी ती मंत्र्यासाठीही काढत नाही. खरवडून बघितलं, रक्त तपासायला घेतलं, गोळ्या लिहिल्या, लावायचं साधं बुरशीवरचं मलम लिहिलं. वर्तुळाच्या आतच नाही, बाहेर दोन बोटं जास्त लावायचं. टॉवेल आपला आपला. कपडे गरम पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, कमरपट्ट्याची नि बाह्यांची शिवण इस्त्रीने दाबायची. "आणि ऐक," ती म्हणाली, "ती ट्यूब बंद केलीस की पहिले काही दिवस चेहरा अजून लाल होईल. घाबरून पुन्हा लावशील, तर आपण पहिल्या पायरीवर. जास्तच वाटलं तर मला दाखवायला यायचं, औषधवाल्याला नाही. दीड-दोन महिने लागतील. दिसेनासं झालं तरी मी सांगेपर्यंत औषध सोडायचं नाही. पण जातं हे. पूर्ण जातं."

"पूर्ण?" गिरिजाने विचारलं.

"डाग राहील थोडे दिवस. तोही जाईल."

बाहेर आल्यावर तिने फोनवर गाडीचं तिकीट रद्द केलं. मला दिसेल असं केलं, पण माझ्याशी बोलली नाही.

त्या पुढचे पंधरा दिवस वाईट होते. तिचा चेहरा खरंच भडकला. तिने मला एकदा भर दुपारी ऑफिसात फोन करून इतकं झापलं, की मी जिन्यात जाऊन उभी राहिले. "तुमाला कमरेला हे, झाकता येतं. मी तोंड कुठं नेऊ?" मी ऐकून घेतलं. दुसरं करण्यासारखं होतं काय? दुसऱ्या दिवशी क्षिप्राने तिला बघून दुसरं एक सौम्य औषध दिलं आणि लिहून दिलं, की वेगळी बादली करायची गरज नाही, टॉवेल वेगळा पुरे. गिरिजाने तो कागद खोलीच्या दारावर चिकटवला.

पथकाचा सराव आम्ही महिनाभर बंद ठेवला. अठरा पट्टे अंशुमनने स्वतः जाळले, मला बघवलं नाही. मी चाळीस नवे शिवले, प्रत्येकावर दोऱ्याने नाव. ज्याचा त्याने घरी न्यायचा, धुवायचा, गच्चीत वाळवायचा. कोणाचाही पट्टा मी आता आवळून बघत नाही. ग्रुपवर दर रविवारी प्रत्येकजण आपापल्या वर्तुळाची खबर द्यायचा. अंकुरने लिहिलं, 'मांडीवरून कमरेवर परत आली,' जणू काही मुलगी माहेरी आली! त्याचं व्याकरण मी सुधारलं नाही. चौथ्या आठवड्यात गिरिजाने नुसता एक फोटो टाकला. मान, गाल, फिकट तपकिरी खूण, बाकी काही नाही. ती ग्रुपवर परत कधी आली, कोणी घेतली, हे मला कळलंही नव्हतं.

गणपतीत ती वाजवायला होती. पहिल्या रांगेत. तिचा ठेका ऐकून मला शेवटच्या रांगेत रडू आलं आणि घाम पुसायचं निमित्त मिळालं.

तरी ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. काकू म्हणायची, नमस्कार करायची, पण पूर्वी सरावानंतर माझ्या डब्यातली पोळी न विचारता उचलायची, ते नाही. मी मनाशी म्हटलं, प्रभाबाई, कातडी बरी झाली हेच खूप समज.

सप्टेंबरच्या शेवटी क्षिप्राने दोघींना एकाच दिवशी शेवटचं दाखवायला बोलावलं. रुग्णालयाच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो, नंबर अजून बराच लांब. तेवढ्यात माझ्या बाजूला एक बाई येऊन बसली. तिशीची असेल, सोबत कोणी नाही. दुपट्टा मनगटापर्यंत गुंडाळलेला, आणि बाकाच्या अगदी टोकाला अशी बसलेली, की कोणाला धक्का लागू नये. गिरिजाने तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःचा गळा जरा मोकळा केला आणि मानेवरची फिकट खूण दाखवली.

"दीदी, दाद है क्या? मुझे भी था. यहाँ से यहाँ तक. देखो, चला गया."

बाईचा चेहरा बदलला. "सच में? मेरा तो साल भर से है. दुकान वाली ट्यूब..."

"वो फेंक दो. डॉक्टर जो देगी वही लगाना, और बीच में छोड़ना मत."

"आपको कैसे हुआ था?" बाईने विचारलं.

गिरिजा माझ्याकडे वळली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली, अगदी दात दिसेपर्यंत, आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इनसे," ती म्हणाली. "ये मेरी काकू हैं."

"हाँ," मी म्हटलं. "मुझसे ही हुआ था."

बाईने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आपली पिशवी उचलली, उठली, आणि माझ्यापासून लांब, गिरिजाच्या पलीकडे जाऊन तिला चिकटून बसली. गिरिजा खोखो हसायला लागली. तिने आपला हात माझ्या खांद्यावरून काढला नव्हता, आणि नंबर येईपर्यंत तो तिने तिथेच राहू द्यावा, एवढंच मला वाटत होतं.